संध्याकाळचा सुगंध : थोडी फुले, थोडा व्हॅनिला, बेताचा खर्च

लग्नसराई सुरू झाली की घरोघरी एकच धांदल दिसते. साडी आठ दिवस आधी ठरलेली असते. शिंप्याने ब्लाऊज नशिबाने वेळेवर दिलेला असतो. साज आणि चिंचपेटी कपाटातून बाहेर आलेली असते. रिसेप्शन सातला, आणि साडेसहाला निघता निघता आपला हात कुठे जातो? नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या डिओडरंटच्या डब्यावर! दोन फवारे इकडे, दोन फवारे तिकडे, झालं. साडीचा काठ, ब्लाऊजचा गळा, पायातली चप्पल सगळं स्वतः निवडलेलं. सुगंध तेवढा उसना!

असे का होते, याचा विचार केलात का कधी? सेंट म्हणजे श्रीमंतांचे चोचले, चांगला सेंट परदेशचाच आणि हजारोंच्या घरातला, आणि स्वस्तातला असेल तर तो डोकं उठवणारा, अशी आपली पक्की समजूत असते. ती सगळीच खरी नाही. संध्याकाळी लावण्याजोगा, फुलांचा आणि किंचित गोडसर, चार-पाच तास सोबत करणारा सुगंध घरखर्चाला धक्का न लावता मिळू शकतो. फक्त पैसे कशाचे पडतात आणि कशाचे पडत नाहीत, एवढे आपल्याला ठाऊक हवे. आज फुलांच्या आणि व्हॅनिलाच्या जोडीविषयी बोलू या. व्हॅनिला म्हटल्यावर कस्टर्ड आणि केक आठवला ना? तोच हा व्हॅनिला!

फुलांनीच संध्याकाळ निवडली आहे

अंबाबाईच्या देवळाबाहेर दुपारी गजरा घेतलात तर मोगऱ्याच्या कळ्या घट्ट मिटलेल्या असतात. वास जेमतेम. तोच गजरा संध्याकाळी केसांत उमलतो आणि रिक्षात शेजारी बसलेल्या जाऊबाईंनाही कळते, आज गजरा आहे म्हणून! मोगरा, जुई, रातराणी, निशिगंध ही सारी मंडळी दिवस मावळला की बोलायला लागतात. यात मोठे शहाणपण आहे. अंधारात रंगांचा उपयोग नसतो, म्हणून रात्री हिंडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी ही फुले पांढरी राहतात आणि सगळा भर सुगंधावर देतात. तेव्हा संध्याकाळच्या सुगंधात पांढरी फुले हवीत हे कोण्या फॅशनवाल्याने ठरवलेले नाही. ते मुळात फुलांनीच ठरवले आहे.

पण नुसत्या फुलांच्या वासाची एक अडचण असते. तो हलका असतो, भुर्रकन उडतो. त्याला बसायला जमीन लागते. आपल्या जुन्या अत्तरांत ती जमीन चंदनाच्या तेलाची असे. कनौजचे अत्तरवाले फुलांची वाफ चंदनाच्या तेलात मुरवत आले, ते याचसाठी. आता चंदन सोन्याच्या भावाला गेले. व्हॅनिला ते काम वेगळ्या तऱ्हेने आणि कितीतरी कमी पैशांत करतो. त्याचा सुगंधी अंश जड असतो, सावकाश उडतो. फुले दोन तासांत दमली तरी तो मागे रेंगाळतो, आणि फुलांचा उग्रपणाही जरा मऊ करतो.

त्याचा वास कसा असतो हे कोल्हापूरकरणीला निराळे सांगायला नको. थंडीच्या दिवसांत गुऱ्हाळावर काहील उकळत असते, काकवी दाट होऊ लागते, तेव्हा हवेत जो ऊबदार गोडवा पसरतो, त्याच्या जवळपासचा हा वास. गोड, पण साखरेसारखा पोकळ नाही. थोडा लाकडाचा, थोडा धुराचा. मोगऱ्याच्या पाठीशी तो असा उभा राहतो, जशी गाणाऱ्यामागे तंबोऱ्याची साथ.

आणखी एक गंमत सांगते. निशिगंध आपला वाटतो, लग्नाच्या हारात तो असतोच असतो. पण त्याचे मूळ गाव मेक्सिको. व्हॅनिलाचेही मूळ गाव मेक्सिकोच! म्हणजे बाटलीत ज्या दोघी एकत्र येतात, त्यांचे माहेर एकच आहे. मग पटेल नाही तर काय!

स्वस्त म्हणजे नकली नव्हे

आता पैशांचे बघू. व्हॅनिला ही ऑर्किडच्या जातीची वेल. कर्नाटक-केरळात आणि थोडी आपल्या कोकणातही नारळी-पोफळीच्या बागांत लावली जाते. तिचे फूल एकच दिवस उमलते, आणि मेक्सिकोबाहेर त्याचे परागीकरण हातानेच करावे लागते. ही युक्ती शोधली कोणी, तर १८४१ साली रीयुनियन बेटावरच्या एदमों अल्बियस नावाच्या मुलाने. वय बारा वर्षे, आणि जन्माने गुलाम. बांबूची बारीक काडी आणि अंगठा, एवढ्यावर त्याने ते करून दाखवले. त्याच्या युक्तीवर मळेवाले श्रीमंत झाले. तो मात्र १८८० साली गरिबीतच वारला. आजही प्रत्येक शेंगेमागे एका माणसाचा हात असतो.

शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. हिरव्या शेंगेला फारसा वास नसतोच. ती उकळत्या-निवत्या पाण्यातून काढून, उन्हात तापवून, घोंगडीत गुंडाळून, घाम फोडून महिनोन्महिने मुरवावी लागते. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो तयार शेंग होते. म्हणूनच २०१८च्या सुमारास खऱ्या व्हॅनिलाचा भाव किलोला सहाशे डॉलरच्या आसपास गेला होता; तेव्हा चांदीही त्यापेक्षा स्वस्त होती.

मग आपल्या पाच-सहाशेच्या बाटलीत व्हॅनिला येतो कुठून? तर कारखान्यातून. शेंगेच्या वासातला मुख्य घटक म्हणजे व्हॅनिलिन. १८७४ साली टीमान आणि हारमान या दोन जर्मन रसायनतज्ज्ञांनी तो प्रयोगशाळेत बनवला. आज तो किलोला दहा-वीस डॉलरांत मिळतो. ‘म्हणजे नकलीच की!’ असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. पॅरिसच्या गेर्लां घराण्याने १८८९ साली ‘जिकी’ नावाचा सेंट काढला, त्यात हेच कारखान्यातले व्हॅनिलिन होते. १९२५ साली त्यांनी पॅरिसच्या प्रदर्शनात ‘शालिमार’ मांडला. नाव आपल्या मुघल बागेवरून घेतलेले. जाई-गुलाबाखाली व्हॅनिलाची जमीन, आणि तीही एथिल व्हॅनिलिन या आणखी तीव्र अशा कारखानी भावंडाच्या जोरावर. शंभर वर्षे झाली, तो अजून विकला जातो, आणि चांगल्या चढ्या किमतीला.

यातून आपण काय घ्यायचे? व्हॅनिलाच्या बाबतीत महागड्या बाटलीत आणि स्वस्त बाटलीत फार अंतर नसते. अंतर पडते ते फुलांत! जाईच्या जातीच्या फुलांचा एक किलो शुद्ध अर्क काढायला हजार किलोच्या आसपास फुले लागतात. तेवढा खर्च स्वस्त बाटलीला झेपत नाही. तिथे फुलांचा वासही रसायनांतून जुळवलेला असतो. तोही चांगला जुळवता येतो, पण कसबी हात हवा. हात कच्चा असेल तर मोगऱ्याऐवजी फिनेल नाहीतर अंगाचा साबण आठवतो. म्हणून स्वस्त सेंट पारखताना व्हॅनिलावर भाळू नका, आधी फूल पारखा. पैसे वाया जातात ते इथेच.

अत्तरदाणी कोणाला चुकवते?

सुगंध ही आपल्याला नवी चैन मुळीच नाही. हळदीकुंकवाला गुलाबदाणी आणि अत्तरदाणी फिरते, मनगटाच्या मागे अत्तराचे बोट ओढले जाते. दाराशी आलेल्या बाईला सुगंध देणे हा आपल्याकडे मान आहे. सुगंधाच्या धंद्यातही मराठी नाव जुने आहे. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ सालापासून मुंबईत सुगंधी द्रव्ये बनवत आली आहे. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधी द्रव्ये आणि सौंदर्यप्रसाधने यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तोही केळकर एज्युकेशन ट्रस्टच्याच छत्राखाली. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होत असेल तर ही वाट तिच्या कानावर घालून ठेवा.

टाटांनी १९५२ साली ‘लॅक्मे’ काढली तेव्हा पॅरिसच्या रोबेर पिगे आणि रेन्वार या दोन घराण्यांचे साहाय्य होते. लॅक्मे हे एका फ्रेंच ऑपेरातल्या नायिकेचे नाव. म्हणजे आपल्या लक्ष्मीचाच फ्रेंच उच्चार! यातल्या पिगे घराण्याचा १९४८चा ‘फ्राका’ हा निशिगंधाचा सेंट अजूनही नावाजला जातो, आणि तो जुळवला होता जेर्मेन सेलिये या बाईने. आपण ज्याला मोठ्या लोकांची वस्तू म्हणतो, ती घडवण्यात बायकांचे हात आहेत ते असे.

पण एक गोष्ट मनाला लागते. ती अत्तरदाणी हळदीकुंकवात सगळ्यांकडे जाते का? घरात विधवा आत्या असते, वहिनी असते, शेजारची काकू असते. गजरा त्यांना नाही, कुंकू नाही, आणि अत्तरही नाही. कोणी ‘लावू नका’ असे तोंडाने म्हणत नाही. फक्त अत्तरदाणी हातभर अलीकडून वळते. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला आणि नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद केल्या. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. कुंकू आणि बांगड्या डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची चर्चा होते. सुगंध दिसत नाही, म्हणून त्याची चर्चा होत नाही. पण तो नाकारला जातो हे खरे आहे.

म्हणून म्हणते, पुढच्या हळदीकुंकवाला अत्तरदाणी तुमच्या हातात असेल तर कोणाला चुकवू नका. आणि वाचणारी तुम्हीच ती आत्या किंवा वहिनी असाल, तर भाचीच्या रिसेप्शनला जाताना मनगटावर दोन थेंब खुशाल लावा. परवानगी मागायची ही गोष्टच नव्हे.

दुकानात गेल्यावर

महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीत खरेदीला निघालात की सेंटचे काम शेवटी ठेवू नका, आधी उरका. का, ते सांगते. सेंट कागदाच्या पट्टीवर फवारून हुंगला की पहिली दहा-पंधरा मिनिटे जे येते ते लिंबू-संत्र्याचे आणि अल्कोहोलचे झगमगते तोंड. ते विकण्यासाठी असते. त्यानंतर फुले येतात. व्हॅनिला तास-दीड तासाने जागा होतो. तेव्हा असे करा :

१. एका खेपेला तीनच वास बघा. त्यापुढे नाक दमते. मध्ये स्वतःच्या कोपराचा खळगा हुंगा, नाक ताळ्यावर येते.

२. जो बरा वाटेल तो एका मनगटावर घ्या, आणि दुकानातून बाहेर पडा. बाकीची खरेदी करा, चहा घ्या.

३. अर्ध्या तासाने फूल पारखा. मोगरा किंवा निशिगंध ओळखू येतो का? की साबण, फिनेल, उदबत्ती आठवते?

४. दोन तासांनी मनगट पुन्हा हुंगा. मऊ, काकवीसारखा गोडवा राहिला असेल तर बाटली तुमची. नुसते ‘गोड गोड’ उरले आणि डोके जड झाले, तर तुमचे पैसे वाचले समजा!

लेबलावरचे शब्द वाचता आले पाहिजेत. जास्मिन म्हणजे जाई-मोगऱ्याचे घराणे, ट्यूबरोज म्हणजे निशिगंध, गार्डेनिया म्हणजे अनंत, फ्रान्जिपानी म्हणजे देवळापुढचा पांढरा चाफा. बेंझॉइन लिहिले असेल तर दचकू नका, तो आपला धुपातला लोबान. त्यालाही व्हॅनिलासारखाच वास असतो. अंबर लिहिलेले असले तर तेही बहुधा व्हॅनिला आणि राळ-डिंकांचे मिश्रण असते. पांढऱ्या फुलांतले एक आणि व्हॅनिला, लोबान, अंबर यांतले एक, अशी जोडी दिसली की आपण योग्य कपाटापुढे आहोत असे समजावे.

दुसरी गोष्ट सुगंधाच्या प्रमाणाची. साधारणपणे ओ द कोलोनमध्ये दोन ते चार टक्के, ओ द ट्वालेटमध्ये पाच ते पंधरा टक्के आणि ओ द पर्फ्यूममध्ये पंधरा ते वीस टक्के सुगंधी द्रव्य असते. बॉडी मिस्टमध्ये त्याहून पुष्कळ कमी. संध्याकाळसाठी ओ द पर्फ्यूम घ्यावा. बाटली लहान दिसली तरी तीच स्वस्त पडते. हिशोबच करू. पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे पाचशे फवारे बसतात. एका संध्याकाळी चार फवारे धरले तर सव्वाशे संध्याकाळी झाल्या. बाटली सहाशेला पडली असेल, तर एका संध्याकाळचा खर्च पाच रुपयांच्या आत. आता सांगा, चैन कुठे आहे यात?

त्याहून कमी पैशांत करायचे तर अत्तरवाल्याकडे जा. तेलातल्या अत्तराची छोटी कुपी शंभर-दोनशे रुपयांत येते, व्हॅनिलाचीही मिळते. त्यात अल्कोहोल नसते, वास दूर जात नाही पण अंगालगत बराच वेळ राहतो.

आणि हो, मोठ्या परदेशी नावाची बाटली रस्त्यावर चारशेला मिळाली, तर ती त्या कंपनीची नाही हे धरून चाला. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे कॉपीच. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापराची मुदत आणि किंमत हे सगळे खोक्यावर छापलेले असेल तरच घ्या. साध्या देशी कंपनीची खरी बाटली ही बड्या नावाच्या खोट्या बाटलीपेक्षा केव्हाही चांगली. प्रश्न अंगाच्या कातडीचा आहे, बाई!

लावायचा कसा?

आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस वाट बघा. खाज, लाली, पुरळ आले तर तो सेंट तुमचा नव्हे. घरात दम्याचे किंवा अर्धशिशीचे कोणी असेल तर त्यांच्यापासून लांब फवारा.

अंघोळ करून अंग कोरडे झाले की मनगट, मान आणि कोपराच्या खळग्यावर अगदी जरासे व्हॅसलीन किंवा बिनवासाचे तेल चोळा आणि त्यावर फवारा मारा. कोरड्या कातडीवरून सुगंध लवकर उडतो, तेलकट जागी तो टिकतो. मनगटावर मनगट घासण्याची आपल्याला खोड असते, ती सोडा. आपोआप वाळू द्या. केसांवर थेट मारू नका, अल्कोहोलने केस कोरडे होतात.

निघायच्या आधी अर्धा तास लावावे, म्हणजे सुरुवातीचा भडकपणा घरीच ओसरतो आणि कार्यालयात पोचेपर्यंत फुले वर येतात. पंधरा-वीस मिनिटांनी तुम्हाला स्वतःला वास यायचा थांबेल. ‘उडाला वाटतं!’ म्हणून परत फवारू नका. नाक सवयीने गप्प झालेले असते. लोकांना तो येतच असतो.

ऋतूकडेही लक्ष हवे. व्हॅनिला थंडीत आणि पावसाळी हवेत फार शोभतो. दिवाळीपासून पुढची लग्ने, रंकाळ्यावरची गार संध्याकाळ, हे त्याचे दिवस. एप्रिल-मेच्या उकाड्यात तोच गोडवा अंगावर येतो. तेव्हा निम्म्याने कमी करा, किंवा नुसत्या मोगऱ्यावर भागवा. नवरात्रात देवळातल्या रांगेत किंवा दसऱ्याला दसरा चौकाच्या गर्दीत जाणार असाल तर एकच फवारा पुरे. खांद्याला खांदा लागतो तिथे आपला सुगंध दुसरीच्या नाकाला जाच होऊ नये.

साज, पैठणी आणि समई

आता घरच्या वस्तूंची काळजी. नियम एकच, आणि तो लक्षात राहायला सोपा आहे : सेंट आधी, साडी-दागिने नंतर.

कोल्हापुरी साजाची पाने आणि मणी पोकळ सोन्याचे असतात आणि आत लाख भरलेली असते. सुतार लाकडाला पॉलिश करताना लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. आणि सेंटमध्ये बहुतेक भाग अल्कोहोलचाच असतो. एका फवाऱ्याने साज बिघडणार नाही, पण वर्षानुवर्षे गळ्यावर साज ठेवूनच फवारत गेलो, तर मण्यांच्या भोकांतून ते आत जाणारच. मोत्यांचे तर विचारूच नका. नथ, तन्मणी, चिंचपेटी यांच्या मोत्यांची झळाळी सेंटने मंदावते. हुपरीच्या चांदीच्या किंवा पाणी चढवलेल्या खोट्या दागिन्यांवरही डाग पडतात.

पैठणी, इरकल किंवा कुठल्याही रेशमावर सेंट फवारू नये. कडेने पिवळट वलय उठते. व्हॅनिलाचा तर आणखी एक गुण आहे. व्हॅनिलिन हवेने आणि उजेडाने हळूहळू तपकिरी होत जाते. तुमची बाटली वर्षभरात चहाच्या रंगाची झाली तर घाबरू नका, वास बिघडला नसेल तर ती चांगलीच आहे. पण पांढऱ्या किंवा मोतिया रंगाच्या कापडावर तो डाग बसला की निघता निघत नाही. कपड्याला सुगंध हवाच असेल तर गडद रंगाच्या सुती परकराच्या आतल्या घेराला लावा. चालताना मंद झुळूक येत राहते.

साडी डांबराच्या गोळ्यांतून काढलेली असेल तर आदल्या दिवशीच सावलीत वाऱ्यावर टाका. डांबर आणि व्हॅनिला एकत्र आले की कितीही महाग सेंट असो, वास जुन्या ट्रंकेचाच येतो!

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. दिवेलागणीची वेळ असते, देवापुढे समई तेवत असते, स्वयंपाकघरात गॅस चालू असतो. सेंट पेट घेतो, आणि डिओडरंटच्या डब्यात तर वर दाबलेला गॅसही असतो. समई, निरांजन, गॅसची शेगडी यांच्यापाशी उभे राहून कधीही फवारू नका, आणि डबा शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका. बाटलीची जागा कपाटात, अंधारात आणि थंडाव्यात. न्हाणीघरात नव्हे, खिडकीतही नव्हे.

घरच्या घरी दोन प्रकार

पहिला प्रकार सर्वांत सोपा आणि मला विचाराल तर सर्वांत सुंदर. स्वस्त बाटलीत फूल कच्चे असते हे आपण पाहिले. मग फूल बाटलीतले घ्यायचेच कशाला? केसांत खरा मोगऱ्याचा किंवा जुईचा गजरा माळा आणि मनगटावर व्हॅनिलाच्या अत्तराचे एकच बोट फिरवा. फूल खरे, तेही आपल्या मातीतले, व्हॅनिला कुपीतला. हजारोंच्या बाटलीला जे साधत नाही ते पन्नास-साठ रुपयांच्या गजऱ्याने साधते.

दुसरा प्रकार मेणातल्या अत्तराचा. आपल्या आज्या कपाळावर आधी मेण लावून त्यावर पिंजर टेकवायच्या, आठवते? मेण धरून ठेवते, हे त्यांना पक्के माहीत होते. तेच तत्त्व इथे वापरायचे.

साहित्य : मधाच्या पोळ्याचे शुद्ध मेण किसून एक चहाचा चमचा, बदामाचे तेल दोन चहाचे चमचे, मोगऱ्याच्या अत्तराचे बारा थेंब, व्हॅनिलाच्या अत्तराचे सहा थेंब.

कृती : पातेल्यात पाणी गरम करून त्यात स्टीलची वाटी ठेवा. वाटीत मेण आणि तेल घालून मंद आचेवर वितळू द्या. वाटी बाहेर काढून गॅस बंद करा. मिश्रण किंचित निवले, पण अजून पातळ आहे, तोवर अत्तर घालून काडीने ढवळा आणि लगेच कोरड्या डबीत ओता. तासाभरात घट्ट होते. फार कडक झाले तर परत वितळवून थोडे तेल वाढवा. बोटाच्या टोकाने मनगटाला आणि कानामागे लावायचे. पर्समध्ये सांडत नाही. अत्तर तेलातलेच घ्या. फवाऱ्याचा सेंट यात चालत नाही.

फळीवरचा खाण्याचा व्हॅनिला इसेन्स मात्र अंगाला लावू नका. तो चिकट असतो, डाग पाडतो आणि अर्ध्या तासात उडून जातो. त्याची जागा वेगळी : कापसाच्या बोळ्यावर चार थेंब टाकून वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. लसूण-मसाल्याचा दर्प कमी होतो. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या घरात हे कामाचे आहे!

थोडक्यात

फूल पारखून घ्या, व्हॅनिलावर भाळू नका. दोन तास थांबा, मग पैसे द्या. आधी सेंट, मग साडी, शेवटी साज. समईपासून लांब. चार फवारे पुरेत, उन्हाळ्यात दोनच.

किराण्याच्या यादीत साबण लिहितो, उदबत्ती लिहितो, नवऱ्याचा डिओडरंटही न विसरता लिहितो. या महिन्यात त्या यादीच्या शेवटी आपल्या नावाची एक लहानशी कुपी लिहून तर बघा. मुलीला, सुनेला, नणंदेला दोन थेंब द्या. घरात कोणी अशी असेल जिने वर्षानुवर्षे सुगंध लावलेला नाही, तर तिच्या मनगटाला पहिले बोट तुम्ही लावा.